मराठी फायलींमधली अक्षरं एकगठ्ठा बदलणारा छोटा प्रोग्राम: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

पुस्तकांची यादी, सोसायटीची इतिवृत्तं, जुन्या अंकातले लेख, असं काहीतरी दोनतीनशे फायलींत पडलेलं असतं आणि त्यात 'दुसऱ्या' शोधलं तर अर्ध्या ठिकाणी सापडतच नाही, डोळ्यांना मात्र समोर दिसत असतं. मग लोक फाइंड-रिप्लेस मारत बसतात, किंवा कुठून तरी चार ओळींचा पायथन प्रोग्राम उचलून थेट मूळ फायलींवर चालवतात आणि 'कार्यालय'चं 'काऱ्यालय' करून ठेवतात. बदलण्याची कमांड एका ओळीची आहे, ती कोणालाही जमते. फसतं ते आधीच्या तयारीत आणि नियमांच्या क्रमात, म्हणून इथे त्यावरच जास्त लिहितोय.

पायथन ३ मशीनवर आहे आणि एखादी फाइल चालवता येते एवढं धरून चालतो. कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग.

१. फाइल नक्की कसली आहे ते आधी बघा

नोटपॅडमध्ये उघडा. मराठी नीट दिसलं तर युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आहे, पुढे चला. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसला आणि फॉन्ट लावल्यावरच मराठी उमटत असेल तर ती श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधली फाइल आहे, तिला आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, हा प्रोग्राम तिथे काही कामाचा नाही.

वर्डची फाइल म्हणजे साधा मजकूर नाही. ती आतून झिप केलेला एक्सएमएलचा गठ्ठा असते, तिच्यावर थेट प्रोग्राम चालवला तर एकतर काहीच सापडणार नाही किंवा फाइल उघडायची बंद होईल. 'सेव्ह अ‍ॅज'मधून प्लेन टेक्स्ट निवडा आणि एन्कोडिंग (अक्षरांचे क्रमांक फाइलमध्ये बाइट म्हणून लिहायची पद्धत) विचारलं की यूटीएफ-८ द्या. एक्सेलमधून काढताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय असतो तोच घ्या, नुसतं सीएसव्ही घेतलं तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत.

सावध: फायलींत एखादी जरी यूटीएफ-१६ असेल तर प्रोग्राम तिथे एरर देऊन थांबला पाहिजे. इथे पुष्कळ जण 'एरर्स इग्नोर' लावतात. ते लावलं की न समजलेले बाइट गुपचूप गाळले जातात, एरर जाते आणि सोबत तुमचा मजकूरही.

२. फोल्डर तीन करा

'मूळ', 'काम' आणि 'नवीन', तिन्ही शेजारी शेजारी, एकात एक नाहीत. मूळची पूर्ण प्रत कामात टाका आणि मूळला नंतर हात लावू नका. प्रोग्राम कामातून वाचेल आणि नवीनमध्ये लिहील. नवीन हे कामाच्या आत ठेवलं तर पुढच्या वेळी प्रोग्राम आतल्या फोल्डरांत शिरताना स्वतःचंच आउटपुट पुन्हा इनपुट म्हणून उचलतो, आणि हे पटकन लक्षातही येत नाही.

आपल्या प्रोग्रामच्या फाइलला पायथनच्या एखाद्या मॉड्यूलचं नाव देऊ नका, म्हणजे 'स्ट्रिंग' किंवा 'आरई' वगैरे. पायथन मग खरं मॉड्यूल सोडून तुमचीच फाइल उचलतो आणि भलत्याच एरर येतात.

३. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, आकडे बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' स्क्रीनवर सारखेच दिसतात. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक २३५३. दुसऱ्यात साधा र (२३५२), पाय मोडायची खूण (२३८१) आणि एक न दिसणारं चिन्ह, झीरो विड्थ जॉइनर (८२०५), असे तीन तुकडे आहेत. पायथनला नुसत्या 'ऱ्या'ची लांबी विचारा, चार सांगेल, आणि जॉइनरवाल्याची पाच. कॉम्प्युटरच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत, सर्च का फसतो ते इथेच कळतं.

म्हणून आधी बघायचा प्रोग्राम लिहा, बदलायचा नंतर. फाइलमधली एक ओळ घ्यायची, 'फॉर'ने एकेक अक्षर काढायचं, 'ऑर्ड'ने त्याचा क्रमांक आणि युनिकोडडेटा मॉड्यूलच्या 'नेम'ने त्याचं नाव, दोन्ही छापायचं. ओळीच्या शेवटच्या एंटरला युनिकोडमध्ये नाव नसतं आणि 'नेम' तिथे एरर देतं, म्हणून त्याला दुसरी किंमत म्हणून रिकामी स्ट्रिंग देऊन ठेवा.

यात 'कलेक्शन्स'मधला 'काउंटर' वापरून सगळ्या फायलींतल्या सगळ्या अक्षरांची एकदा मोजदाद करून घ्या. खालची चिन्हं दिसली की समजा काम आहे:

८२०३, ८२०४, ८२०५ (तिन्ही न दिसणारी), १६० (न तुटणारी स्पेस), २३६४ (नुक्ता), २३१७ (ऍ, मराठीत याच्या जागी ॲ म्हणजे २४१८ हवा), ६५२७९ (बीओएम, म्हणजे एन्कोडिंग ओळखायला फाइलच्या सुरुवातीला टाकलेली न दिसणारी खूण).

'डाॅक्टर'मध्ये काना आणि अर्धचंद्र वेगवेगळे टाइप झालेले असतात, 'डॉक्टर'मध्ये ॉ हे एकच चिन्ह असतं. काही फॉन्टमध्ये फरक दिसतो, काहींत अजिबात नाही.

४. नियम वेगळ्या फाइलमध्ये, आकड्यांत

नियम प्रोग्रामच्या पोटात लिहू नका. न दिसणारी अक्षरं कॉपी-पेस्ट करून नियम लिहिले की एडिटर किंवा चॅट अ‍ॅप मधल्या मधे ती खाऊन टाकतं आणि डावी-उजवी बाजू एकच होऊन बसते. क्रमांक लिहिले की हा घोळ संपला. पायथनचं 'इंट' फंक्शन देवनागरी आकडेही ओळखतं, त्यामुळे ही फाइल सरळ मराठीत ठेवता येते (डावीकडे जे शोधायचं ते, उजवीकडे त्याच्या जागी काय हवं ते, # नंतर नुसती टीप):

८२०३ > # न दिसणारी स्पेस, काढून टाक
१६० > ३२ # न तुटणारी स्पेस
२३५२ २३६४ > २३५३ # र आणि नुक्ता
२३५२ २३८१ ८२०५ > २३५३ २३८१ # दुसऱ्या, कुऱ्हाड
२३५३ २३८१ ८२०५ > २३५३ २३८१ # ऱ आहे पण जॉइनर उरलाय
२३०९ २३६६ > २३१० # अ आणि काना
२३१० २३७३ > २३२१ # आ आणि अर्धचंद्र, ऑफिस
२३०९ २३७७ > २३२१ # अ आणि ॉ
२३६६ २३७३ > २३७७ # डॉक्टर, कॉलेज
२३०९ २३७३ > २४१८ # अ आणि अर्धचंद्र
२३१७ > २४१८ # ऍ
२३४३ २३८१ २३४२ > २३४२ २३८१ २३४३ # प्रसिध्द, शुध्द

शेवटचा नियम 'ध्द'चा 'द्ध' करतो. ही चूक सरकारी पत्रांपासून लग्नपत्रिकांपर्यंत सगळीकडे आहे, आणि 'ध्द' बरोबर असलेला मराठी शब्द मला तरी माहीत नाही, म्हणून तो बिनधास्त टाकलाय. 'व्दारे', 'व्दितीय' यांसाठीही असाच एक नियम करता येतो (२३५७ २३८१ २३४२ डावीकडे).

युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (सुट्या चिन्हांच्या ठरलेल्या जोड्या एका अक्षरात आणणं) मारलं की सगळं आपोआप सुधारतं असं खूप जण सांगतात, ते अर्धवट आहे. एनएफसीने र आणि नुक्ता जोडून ऱ होतो, पण जॉइनरवाला र तसाच राहतो, अ आणि अर्धचंद्राचा ॲ होत नाही आणि काना-अर्धचंद्राचा ॉ होत नाही. म्हणजे मराठीत जे सगळ्यात जास्त बिघडलेलं असतं तेच त्यातून सुटतं.

५. क्रम लावा

नियम वरून खाली चालतात, आणि प्रत्येक नियम आधीच्याने बदललेला मजकूर बघतो, मूळ मजकूर नाही. हे डोक्यात पक्कं असू द्या.

सगळ्यात महाग चूक म्हणजे 'न दिसणारा कचरा' समजून ८२०५ सुरुवातीलाच सगळीकडून उडवणं. तसं केलं की 'दुसर्‍या'चं 'दुसर्या' होतं, र चा रफार होऊन य च्या डोक्यावर जातो, आणि आता कुठला 'र्या' मुळात 'ऱ्या' होता हे सांगणारी एकमेव खूण तुम्ही स्वतःच पुसून टाकलेली असते. उलट ८२०३ आधी काढलेलीच बरी, ती एखाद्या जोडीच्या मधे अडकली असेल तर पुढचे नियम लागूच होत नाहीत. जॉइनर सरसकट कधीच काढू नका, काही ठिकाणी तो मुद्दाम अर्ध अक्षर सुटं दाखवायला टाकलेला असतो, आणि कुटुंबाच्या इमोजीत तर माणसं त्यानेच जोडलेली असतात.

दुसरी गोष्ट, लांब नियम आधी, आखूड नंतर. अभंगांच्या फायलींत दंडाच्या जागी कीबोर्डवरची उभी रेघ (१२४) टाकलेली असते. एका रेघेचा एक दंड (२४०४) हा नियम वर ठेवला तर दोन रेघांचे दोन सुटे दंड होतात आणि खरा दुहेरी दंड (२४०५) कधीच मिळत नाही. दोन रेघांचा नियम वर घ्या. आणि हा नियम फक्त अभंगांच्या फोल्डरला लावा, काही डेटा फायलींत तीच रेघ कॉलम वेगळे करायला वापरतात.

तपासा: एखाद्या नियमाची डावी बाजू उजव्या बाजूत जशीच्या तशी आहे का? 'पुणे'चं 'पुणे शहर' करणारा नियम दुसऱ्यांदा चालला की 'पुणे शहर शहर'. प्रोग्रामने नियम वाचतानाच हे बघावं आणि असा नियम सापडला तर तिथेच थांबावं.

६. आता प्रोग्राम

एकूण चाळीसेक ओळींचं काम आहे, तीन फंक्शनमध्ये तोडा.

पहिलं नियम वाचतं. फाइल 'यूटीएफ-८-सिग' एन्कोडिंगने उघडा, कारण नोटपॅडमध्ये बीओएमसकट सेव्ह झाली असेल तर पहिल्या आकड्याला ते चिकटतं आणि 'इंट' तिथेच एरर देतं, आणि माणूस तासभर आकडा बरोबर आहे की नाही तेच बघत बसतो. प्रत्येक ओळीतलं # पासून पुढचं सोडा, रिकामी ओळ सोडा, > वर 'स्प्लिट' करा, दोन्ही तुकडे स्पेसवर तोडा, प्रत्येक आकड्याला 'इंट' आणि मग 'सीएचआर' लावून 'जॉइन' करा. उजवीकडे काहीच नसेल तर रिकामी स्ट्रिंग मिळते, म्हणजे डिलीट, ते चालतं. डावीकडे रिकामं मात्र चालत नाही, रिकाम्या स्ट्रिंगवर 'रिप्लेस' केलं तर प्रत्येक अक्षराच्या मधे उजवी बाजू घुसते.

दुसरं फंक्शन मजकूर घेतं आणि नियम एकामागून एक लावतं. प्रत्येक नियमासाठी आधी 'काउंट'ने किती ठिकाणी सापडतंय ते मोजा, मग 'रिप्लेस'. इथली नवशिक्यांची हमखास चूक: 'रिप्लेस' मूळ स्ट्रिंग बदलत नाही, नवीन स्ट्रिंग परत देतं, ती पुन्हा व्हेरिएबलमध्ये ठेवली नाही तर प्रोग्राम छान चालतो, काही एरर येत नाही आणि काहीच बदलतही नाही. व्हेरिएबलचं नाव 'मजकूर' असं देवनागरीत दिलं तरी पायथन ३ ला चालतं.

तिसरं फंक्शन फायली वाचतं आणि लिहितं. इथे मी टेक्स्ट मोड वापरत नाही. 'रीड बाइट्स'ने वाचा, 'डीकोड'ला यूटीएफ-८ द्या, बदल करा, 'एन्कोड' करा, 'राइट बाइट्स'ने नवीन फोल्डरमध्ये लिहा. टेक्स्ट मोडमध्ये विंडोजवर दोन भानगडी होतात: एन्कोडिंग सांगायला विसरलात तर तो यूटीएफ-८ न धरता सिस्टीमचं एन्कोडिंग धरू शकतो, आणि ओळींचे शेवट आपल्या मनाने बदलतो, मग तुलना करताना फाइलमधली प्रत्येक ओळ बदललेली दिसते. बाइट्सने घेतलं की बीओएमही जागेवर राहतं, आणि सीएसव्हीत ते राहिलेलंच बरं, नाहीतर डबल क्लिक केल्यावर एक्सेल मराठीचा कचरा दाखवतं.

फायली निवडताना फक्त टीएक्सटी आणि सीएसव्ही घ्या. 'स्टार' लावून सगळं उचललं तर फोटो आणि पीडीएफही वाचायला जाईल.

सावध: साध्या बदलांसाठी रेग्युलर एक्स्प्रेशन (खास खुणांनी नमुना सांगून शोधायची पद्धत) वापरू नका. त्यात टिंबाचा अर्थ 'कुठलंही अक्षर' असतो, त्यामुळे 'डॉ.' शोधलं तर 'डॉक्टर'मधला 'डॉक'ही सापडतो. चौकटी कंसात जॉइनरवाला 'र्‍' टाकला तर तो एक गठ्ठा म्हणून न शोधता र किंवा पाय मोडायची खूण किंवा जॉइनर, यातलं काहीही शोधलं जातं, आणि मग फाइलमधले सगळे र गायब. आणि पायथनच्या 'आरई' मॉड्यूलची शब्दसीमेची खूण मराठीत चालतच नाही, कारण त्याच्या हिशोबाने काना, मात्रा, वेलांटी हे शब्दाचा भाग नाहीत. 'किती' हा त्याला क आणि त असा दोन तुकड्यांत दिसतो. शब्दाची हद्द हवीच असेल तर 'मागे आणि पुढे २३०४ ते २४३१ मधलं अक्षर नको' अशी अट स्वतः लिहा, फक्त दंड आणि देवनागरी आकडेही त्याच पट्ट्यात येतात हे विसरू नका.

७. कोरडी फेरी

प्रोग्रामला एक स्विच ठेवा, आणि तो मुळात 'लिहू नकोस' वर असू द्या. पहिल्या फेरीत फक्त अहवाल: फाइलचं नाव, नियमाचा नंबर, किती ठिकाणी, आणि प्रत्येक नियमाचे दहावीस नमुने, मागची-पुढची पंधरा अक्षरं धरून. अहवाल फाइलमध्ये लिहा, विंडोजच्या काळ्या खिडकीत मराठी इतकी तुटून दिसते की नमुना बरोबर की चूक तेच कळत नाही.

नुसते आकडे बघून पुढे जाऊ नका. नमुने वाचा, सगळे. एखाद्या नियमाला शून्य आलं असेल तर तो चुकीचा लिहिलाय का ते बघा, आणि एखाद्याला अपेक्षेपेक्षा भरमसाट आले असतील तर तो हमखास कुठेतरी जास्त पकडतोय.

सीएसव्हीवर काम असेल तर गोल अवतरण चिन्हं सरळ करायचा नियम टाकू नका. सरळ अवतरण चिन्हाला सीएसव्हीत स्वतःचा अर्थ आहे, पुस्तकाच्या नावातलं एक चिन्ह बदललं की पुढचे कॉलम सरकतात.

८. खरी फेरी आणि लगेच तपासणी

स्विच फिरवा, चालवा, आणि मग:

पुन्हा चालवा, यावेळी 'नवीन'वर कोरडी फेरी. सगळ्या नियमांना शून्य यायला हवं. कुठे आकडा आला तर खालच्या एखाद्या नियमाने वरच्या नियमाला नवीन काम तयार करून दिलंय, क्रम बदला आणि कामाच्या फोल्डरवरून पहिल्यापासून चालवा.

ओळींची संख्या आधी आणि नंतर तीच हवी.

फाइलचा साइझ ताडून बघा. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट घेतं आणि जॉइनरही तीनच. म्हणजे एखाद्या फाइलमध्ये फक्त जॉइनरवाल्या र चे १०० बदल झाले असतील तर ती बरोबर ३०० बाइटने लहान व्हायला हवी. 'ध्द'च्या नियमाने साइझ बदलत नाही. हिशोब जुळला नाही तर काहीतरी न सांगता गळलंय.

शेवटी विनमर्ज किंवा व्हीएस कोडमध्ये चारपाच फायली मूळशी समोरासमोर लावून बघा, त्यातही एक सगळ्यात मोठी आणि एक सगळ्यात जुनी घ्या.

९. शंकेचे नियम वेगळ्या यादीत

वरचे नियम सरसकट चालतात कारण तिथे चुकीचं रूप मराठीत दुसरा अर्थ घेऊन येत नाही. बाकीचे तसे नाहीत, त्यांची स्वतंत्र फाइल करा आणि त्या फाइलची कोरडी फेरी माणसाने ओळीओळीने वाचावी.

रफारवाला 'र्या' हा त्यातला मुख्य. 'कार्यालय', 'पर्याय', 'मर्यादा', 'दिनचर्या' हे जसेच्या तसे बरोबर आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. 'आचार्यांना जेवण वाढले' आणि 'आचाऱ्यांना जेवण वाढले' यात नेमके कोण जेवले हे प्रोग्राम ठरवू शकत नाही, पूर्ण वाक्य वाचूनच ठरतं. त्यामुळे इथे अक्षरांचा नियम न करता शब्दांची यादी करा: दुसर्या, तिसर्या, बर्याच, आणि 'णार्या' हा शेपटीचा तुकडा, त्यात करणार्या, असणार्या, येणार्या सगळे एकदम येतात आणि त्याच्याशी टक्कर घेणारा शब्द सहसा भेटत नाही. र आणि ह च्या जोडीचं तेच, 'कुर्हाड' चूक पण 'अर्हता' बरोबर.

विसर्गाच्या जागी कोलन हा दुसरा. 'दु:ख', 'स्वत:', 'नि:शुल्क' मध्ये कोलन (५८) असतो, हवा विसर्ग (२३०७). 'दोन मराठी अक्षरांच्या मधला कोलन बदला' असा नियम वरवर हुशार वाटतो, पण लोक 'विषय:रजेचा अर्ज' असं स्पेस न देता लिहितात, तिथे विषयाला विसर्ग लागेल. शब्दाच्या शेवटी तर 'नाव:' आणि 'विशेषत:' यांत आकाराने काहीच फरक नाही. इथेही यादीच: दु:ख, अंत:क, नि:श, नि:स, स्वत:, विशेषत:, सामान्यत:, अक्षरश:. नुसतं 'नि:' टाकू नका, 'ध्वनि:' असं लेबल कुठे असेल तर तेही बदलेल.

ही यादी फोल्डरगणिक वेगळी निघते, म्हणून प्रत्येक गठ्ठ्याची नियमांची फाइल त्याच्याच फोल्डरमध्ये तारखेसकट ठेवा. नवीन फायली आल्या की थेट आठव्या पायरीवर उडी न मारता तिसरीपासून सुरू करा, टाइप करणारा माणूस किंवा त्याच्या मोबाइलचा कीबोर्ड बदलला की चिन्हांची मोजदादही बदलते.